पहिली गळाची काठी स्वतः बांधताना: कामाचा क्रम, मापे आणि हमखास होणाऱ्या चुका

काठी बांधायला घेणारे बहुतेक नवशिके गाइड, म्हणजे गळाची दोरी (लाइन) ज्यांतून जाते त्या कड्या, काठीला बांधणाऱ्या दोऱ्याच्या रंगापासून सुरुवात करतात, कारण काठीचा तोच भाग डोळ्यांत भरतो. काठी निकामी होते ती मात्र न दिसणाऱ्या ठिकाणी. मुठीखालची टेप पाणी पिते, रीलची बैठक गाइडच्या रेषेत नसते, गाइडचे पाय न घासताच दोरा गुंडाळलेला असतो, किंवा एपॉक्सी या दोन भागांच्या गोंदाचे भाग अंदाजाने मिसळलेले असतात. यातली जवळजवळ प्रत्येक चूक क्रम मोडल्यामुळे होते, आणि एपॉक्सी वाळल्यावर ती सुधारायला मूळ कामापेक्षा जास्त वेळ लागतो.

या लेखात एकच काठी डोळ्यांसमोर ठेवली आहे: कोकणातल्या खाडीत जेटीवरून किंवा होडीतून जिताडा, तांबोशी गरवण्यासाठी सात फुटी, दोन तुकड्यांची स्पिनिंग काठी, म्हणजे रील आणि गाइड खालच्या बाजूला असलेली काठी. धरणाच्या गोड्या पाण्यासाठी किंवा खडकावरून लांब फेकण्यासाठी मापे बदलतील, क्रम तोच राहील.

सामान घेण्यापूर्वी

ब्लँक, म्हणजे काठीचा मोकळा पोकळ दांडा, मध्यम पॉवरचा आणि फास्ट ॲक्शनचा, म्हणजे मुख्यतः टोकाकडे वाकणारा, घ्यावा. त्यावर लाइन १० ते २० पौंड आणि ल्यूर (कृत्रिम आमिष) १० ते २८ ग्रॅम असे किंवा याच्या जवळपासचे आकडे छापलेले असावेत. पॉवर म्हणजे काठी वाकवायला लागणारा जोर आणि ॲक्शन म्हणजे ती कुठून वाकायला लागते ते ठिकाण. या दोन गोष्टींची गल्लत करून चुकीचा ब्लँक मागवला जातो. अतिशय हलका, महागडा, उच्च मॉड्यूलसचा (जास्त ताठ) कार्बन पहिल्या काठीसाठी टाळावा. त्याची भिंत पातळ असते आणि होडीच्या काठावर एकदा जोरात आपटला तरी बारीक तडा जाऊन तो पुढच्या माशाला मोडतो.

गाइड सात आणि टोकाची कडी, म्हणजे टिप-टॉप, एक. साधारण नियम फुटाला एक गाइड असा आहे. ३००० ते ४००० आकाराच्या रीलसाठी २५, १६, १२, १०, ८, ८, ८ मिलिमीटर असा उतरता क्रम पुरेसा आहे. ब्रेडेड (विणलेली) लाइन वापरणार असाल तर गाइडच्या आत सिरॅमिकची कडी हवीच. खाऱ्या पाण्यात नुसता क्रोमचा मुलामा टिकत नाही. स्टेनलेस स्टीलची चौकट घ्यावी. टिप-टॉपच्या नळीचा आकार ब्लँकच्या टोकावर अवलंबून असतो. म्हणून ब्लँक हातात आल्यावर व्हर्निअरने टोक मोजावे आणि मगच ती मागवावी. काही उत्पादक हा आकार इंचाच्या चौसष्टाव्या भागांत देतात; त्या पद्धतीत ५ नंबर म्हणजे सुमारे १.९८ मिलिमीटर. ज्याच्याकडून घ्याल त्याला तो आकडा मिलिमीटरमधला आहे की चौसष्टांशातला, हे विचारून घ्यावे.

एपॉक्सी दोन प्रकारचे लागते आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाही. मूठ आणि रीलची बैठक चिकटवण्यासाठी घट्ट, सावकाश वाळणारे एपॉक्सी घ्यावे. दोऱ्यावर चढवण्यासाठी काठीसाठीच बनवलेले पातळ, पारदर्शक आणि वाळल्यावर लवचिक राहणारे फिनिश घ्यावे. हार्डवेअरच्या दुकानातले पाच मिनिटांत वाळणारे एपॉक्सी मुठीसाठी नको, कारण सरळ रेषा जुळवायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. टेबल किंवा शोभेच्या वस्तू ओतण्याचे रेझिन वाकणाऱ्या वस्तूसाठी बनवलेले नसते. ते दोऱ्यावर लावल्यास गाइडच्या पायाशी तडकते.

याखेरीज ए आकाराचा नायलॉन दोरा, कॉर्कची किंवा ईव्हीए फोमची मूठ, रील सीट (रीलची बैठक), मुठीच्या पुढच्या तोंडावर बसणारी वाइंडिंग चेक नावाची छोटी कडी, बुडाचे टोपण, मास्किंग टेप, गोल कानस, बारीक पॉलिश पेपर, टोक चिकटवण्याची गरम करून वितळणारी कांडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, नायट्राइलचे हातमोजे आणि मास्क एवढे सामान लागते. दोरा गुंडाळण्याचे यंत्र विकत घेण्याची गरज नाही. पुठ्ठ्याच्या मजबूत खोक्याच्या दोन बाजूंना इंग्रजी व्ही आकाराच्या खाचा कापून त्यांना मऊ कापड लावावे, दोऱ्याचे रीळ पेल्यात ठेवावे आणि दोरा जाड पुस्तकाच्या पानांमधून ओढून घ्यावा. पुस्तकावर वजन कमी-जास्त करून दोऱ्याचा ताण ठरवता येतो, आणि महागड्या यंत्राइतकेच सफाईदार काम यावर होते.

खबरदारी: कोकणात जून ते सप्टेंबर फिनिश चढवणे टाळावे. दमट हवेत एपॉक्सीचा हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारा भाग, बाष्प ओढून घेतो आणि पृष्ठभागावर पांढुरकी, तेलकट साय धरते. थांबणे शक्यच नसेल तर खिडक्या बंद करून वातानुकूलित खोलीत काम करावे.

१. ब्लँक तपासणे आणि रेषा ठरवणे

दोन्ही तुकडे उजेडात हळूहळू फिरवून पाहावेत आणि बोटाच्या पेराने पूर्ण लांबी चाचपावी. बारीक खरवड किंवा चपटा भाग लागला तर ब्लँक परत करावा. गुंडाळायला सुरुवात केल्यावर कोणी परत घेत नाही. मग तुकडे जोडून जोडाजवळ दोन्ही बाजूंना खुणा कराव्यात, म्हणजे पुढे प्रत्येक वेळी काठी एकाच स्थितीत जोडली जाईल.

गाइड कोणत्या बाजूला बसवायचे यावर दोन मते आहेत. जुनी पद्धत ब्लँकचा ‘कणा’ शोधण्याची आहे: बूड गुळगुळीत फरशीवर टेकवून, टोक एका हाताने धरून, मधोमध दाब देत ब्लँक फिरवला की तो एका स्थितीत झटकन उडी मारून स्थिरावतो. माझ्या मते नवशिक्याने यात वेळ घालवू नये. स्पिनिंग काठीत गाइड खाली असतात आणि लाइनचा ओढा त्यांना खालीच ठेवतो, त्यामुळे कणा कुठेही असला तरी काठी हातात पिळवटत नाही. त्यापेक्षा ब्लँकची सर्वांत सरळ बाजू शोधावी. प्रत्येक ब्लँकला थोडा नैसर्गिक बाक असतोच. एका डोळ्याने टोकाकडे पाहत ब्लँक फिरवावा आणि टोक किंचित वर उचललेले दिसेल त्या स्थितीत थांबावे. आता जी बाजू खाली आहे ती गाइडची. गाइडच्या वजनाने बाक आणखी सरळ होतो. या बाजूला मेणाच्या पेन्सिलीने तीन-चार ठिकाणी खूण करावी.

२. मुठीची जागा, गोंद न लावता

सर्वांत जास्त घाई याच टप्प्यावर होते. मूठ, बैठक आणि पुढची पकड ब्लँकवर टेपने तात्पुरती धरावी, रील बसवावे आणि काठी फेकण्याच्या स्थितीत धरून पाहावी. एका हाताने फेकणाऱ्यासाठी बैठकीमागे साधारण २२ ते २५ सेंटिमीटर मूठ पुरते. दोन्ही हातांनी फेकायची सवय असेल तर ३० सेंटिमीटरपर्यंत जावे. खरे माप आपल्या हाताचे. रीलचा देठ बोटांत धरल्यावर बूड कोपराच्या थोडे पुढे गेले पाहिजे. ते मनगटाजवळच संपले तर मासा ओढताना टेकू मिळत नाही, आणि फार मागे गेले तर कपड्यांत अडकते.

तपासणी: रील लावून जोडलेली काठी एका बोटावर तोलून पाहावी. तोल रीलच्या देठाजवळ किंवा थोडा पुढे असावा. टोक फार जड वाटले तर बैठक थोडी पुढे सरकवावी. बुडात शिशाचे वजन भरण्याचा मार्ग पहिल्याच काठीत धरू नये.

जागा ठरली की ब्लँकवर दोन्ही टोकांच्या खुणा कराव्यात आणि वहीत बुडापासूनची मापे लिहून ठेवावीत, कारण गोंद लावताना पेन्सिलीची खूण पुसली जाते.

३. मुठीचे भोक मोठे करणे

ब्लँक टोकाकडे निमुळता होत जातो, म्हणून मूठ बारीक बाजूने घालून बुडाकडे सरकवायची असते आणि तिचे भोकही तसेच निमुळते घासावे लागते. गोल कानशीने दोन्ही तोंडांकडून आळीपाळीने, थोडे घासून लगेच ब्लँकवर चढवून पाहत काम करावे. कानस एकाच बाजूला दाबली तर भोक तिरके होते आणि मूठ ब्लँकवर वाकडी बसते. कॉर्क कधीही जोर लावून सरकवू नये, तो फुटतो. ईव्हीए थोडा ताणला जातो, त्यामुळे त्याचे भोक किंचित घट्ट ठेवले तरी चालते.

मूठ आपल्या खुणेपासून दोन-तीन सेंटिमीटर अलीकडे हाताच्या साध्या दाबाने थांबली, तर माप योग्य समजावे. ती सरळ खुणेवर घसरली तर भोक सैल झाले आहे. तेथे टेपची पातळ पट्टी द्यावी लागेल.

४. मूठ आणि बैठक चिकटवणे

जिथे मूठ आणि बैठक बसणार आहे तिथली चकाकी पॉलिश पेपरने हलकेच घालवावी. तंतू दिसेपर्यंत घासू नये. कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून मास्क घालावा, आणि नंतर तो भाग अल्कोहोलने पुसावा. ब्लँक कापायची वेळ आलीच तर फक्त बुडाकडून, टेप गुंडाळून, बारीक दातांच्या करवतीने कापावा. टोकाकडून कापल्यास काठीचा स्वभावच बदलतो.

रील सीटचे भोक ब्लँकपेक्षा बरेच मोठे असते. ती पोकळी भरण्यासाठी मास्किंग टेप गुंडाळतात, पण नवशिके बैठकीच्या पूर्ण लांबीला सलग टेप लावतात. तसे केल्यास गोंद ब्लँकला चिकटतच नाही, तो फक्त कागदाला चिकटतो, आणि कागदात पाणी शिरले की बैठक फिरू लागते. ६ ते ८ मिलिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या, मध्ये मोकळी जागा सोडून, बैठक जेमतेम सरकेल इतक्या जाडीच्या कराव्यात. मधल्या जागा गोंदाने पूर्ण भराव्यात आणि पट्ट्यांच्या कडांवरही गोंद यायला हवा.

क्रम असा: आधी मागची मूठ, मग रील सीट, मग पुढची पकड आणि शेवटी वाइंडिंग चेक. गोंद ब्लँकवर पातळ पसरावा आणि भाग गोल फिरवत फिरवत बुडाकडे न्यावा. पुढे ढकलला जाऊन बाहेर आलेला गोंद लगेच अल्कोहोलच्या फडक्याने पुसावा, विशेषतः बैठकीच्या आट्यांमधून. आट्यांत राहिलेला एक थेंबही नंतर नट जाम करतो. बुडाचे टोपण याच वेळी बसवून टाकावे.

तपासणी: गोंद ओला असतानाच रील बसवावे आणि बुडाकडून टोकाकडे पाहावे. रीलचा देठ गाइडच्या खुणांच्या नेमका रेषेत हवा. जुळला नसेल तर आत्ताच फिरवावा. मग रील काढून काठी २४ तास हलवू नये.

वाइंडिंग चेक विसरून पुढे गेलात तर ती नंतर गाइडवरून घालता येत नाही. पुढे जाण्यापूर्वी ती जागेवर आहे ना, हे पाहावे.

५. टोकाची कडी

वितळणारी कांडी आचेवर मऊ करून ब्लँकच्या टोकाला पातळ थर द्यावा, टिप-टॉपची नळी गरम करावी आणि बसवावी. आच धातूला द्यावी, कार्बनला नव्हे. कडी खुणांच्या रेषेत आहे हे थंड होण्याआधी पाहावे. येथे पक्के एपॉक्सी वापरू नये, कारण काठीचा सर्वांत आधी तुटणारा भाग हाच असतो आणि तो गरम करून काढता आला पाहिजे.

६. गाइडच्या जागा

टोकापासून १०, २१, ३४, ४९, ६७, ८८ आणि ११३ सेंटिमीटर या जागांपासून सुरुवात करावी. अंतर टोकाकडे कमी आणि रीलकडे वाढत जाते, कारण काठी टोकाकडे जास्त वाकते. सर्वांत मोठा २५ मिलिमीटरचा गाइड रीलकडे येतो. जोडाच्या खाच्यावर एखादा गाइड येत असेल तर तो थोडा सरकवावा. ही मापे आरंभापुरती आहेत. प्रत्येक ब्लँकचा वाक वेगळा असल्यामुळे खरी जागा वजन लावूनच ठरते.

त्याआधी गाइडचे पाय तयार करावेत. पायाचे टोक कानशीने इतके पातळ करावे की दोरा ब्लँकवरून पायावर पायरी न पडता चढेल, आणि खालच्या बाजूची धार पॉलिश पेपरने काढावी. न घासलेला पाय ब्लँकमध्ये रुततो. काठी नेमकी गाइडच्या पायाशी मोडल्याच्या तक्रारींमागे पुष्कळदा हेच असते.

आता गाइड मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्यांनी ब्लँकवर बसवावेत, रील लावावे, लाइन सर्व गाइडमधून ओवून टोक जमिनीवरच्या वजनाला बांधावे आणि काठी चांगली वाकेपर्यंत हळूहळू ताण द्यावा. दुसऱ्या माणसाने बाजूने पाहावे. लाइन ब्लँकच्या वाकाशी जवळजवळ समांतर जायला हवी. दोन गाइडमध्ये ती सरळ फाकून वाकाला छेद देत असेल तर तिथले अंतर कमी करावे. लाइन कुठे ब्लँकला टेकत असेल तर तिथे गाइड कमी पडतो आहे. ही चाचणी न घेता तक्त्यातली मापे जशीच्या तशी गुंडाळणे ही नवशिक्याची सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण ती लक्षात येते फिनिश वाळल्यावर.

मग अंगणात किंवा मैदानात गळ न लावता, नुसते १५ ग्रॅमचे वजन बांधून काही वेळा फेकून पाहावे. लाइन रीलजवळच्या पहिल्या गाइडवर फटके मारत असेल तर तो दोन-तीन सेंटिमीटर पुढे-मागे करून पाहावा. अंतिम जागा वहीत लिहाव्यात.

७. दोरा गुंडाळणे

पहिला दोरा खऱ्या काठीवर गुंडाळू नये. जुन्या काठीवर किंवा तेवढ्याच जाडीच्या वेळूच्या कामटीवर चार-पाच वेढे-गट करून पाहावेत आणि मगच ब्लँक हातात घ्यावा.

गाइडचा एक पाय टेपने धरलेला असताना दुसऱ्या पायाच्या टोकापासून ३ ते ४ मिलिमीटर अलीकडे ब्लँकवर सुरुवात करावी. दोऱ्याचे सुटे टोक पहिल्या पाच-सहा वेढ्यांखाली दाबून कापावे आणि कडीच्या दिशेने गुंडाळत जावे. वेढे एकमेकांना चिकटून हवेत. फट राहिली तर चमच्याच्या पाठीने हलकेच सरकवून मिटवावी. शेवटचे सात-आठ वेढे उरले की दुहेरी दोऱ्याचा एक फास त्यांच्याखाली ठेवावा, वेढे पूर्ण करावेत, दोरा कापून टोक फासात घालावे आणि फास ओढून टोक वेढ्यांखाली घ्यावे. एका पायाच्या गाइडमध्ये कडीच्या पुढच्या बाजूला एक-दोन वेढे अडसरासारखे द्यावेत, नाहीतर गाइड सुटून पुढे निघतो. वरच्या तुकड्याच्या जोडाचे तोंड, जे खालच्या तुकड्यावर चढते, तेथेही दोन-तीन सेंटिमीटर दोरा गुंडाळावा. तो नसेल तर तोंड उभे चिरते.

ताण किती द्यावा हा प्रश्न सतत विचारला जातो. गुंडाळून झाल्यावर गाइड अंगठ्याने जोर लावल्यास किंचित सरकला पाहिजे आणि सोडल्यावर तिथेच राहिला पाहिजे. मुळीच न हलणारा गाइड घट्ट नव्हे, अति घट्ट आहे. तो पायाच्या टोकाशी ब्लँकवर दाब देतो आणि रेषेत आणताही येत नाही.

खबरदारी: ब्लेड नेहमी दोऱ्याच्या दिशेने आणि ब्लँकपासून दूर चालवावे. कार्बनवर उठलेली एक चीर पुढे मोडण्याची जागा ठरते.

रंगाबद्दल एवढेच: साधा नायलॉन दोरा फिनिश लागताच गडद आणि काहीसा पारदर्शक होतो. रंग जसाच्या तसा हवा असेल तर रंग न बदलणारा म्हणून विकला जाणारा दोरा घ्यावा. रंग राखणारे द्रव लावणार असाल तर ते पूर्ण एक दिवस वाळू द्यावे, अर्धवट ओल्यावर फिनिश चढवले तर बुडबुडे येतात. पहिल्या काठीवर नक्षी, जाळी किंवा दुहेरी पट्टे नकोत.

तपासणी: फिनिशपूर्वी बुडाकडून पाहून सर्व गाइड, टिप-टॉप आणि रीलचा देठ एका रेषेत आणावेत. फिनिश लागल्यावर हे कधीच दुरुस्त होत नाही.

८. फिनिश चढवणे

काठी सतत फिरत राहिली पाहिजे, नाहीतर एपॉक्सी खाली ओघळून थेंब धरते. जुन्या मायक्रोवेव्हच्या थाळीखालची मिनिटाला पाच-सहा फेऱ्या मारणारी छोटी मोटर यासाठी उत्तम चालते. ती थेट घरातल्या विजेवर चालत असल्याने जोडण्या बंदिस्त डबीत असाव्यात, आणि हे काम येत नसेल तर वीजकाम करणाऱ्याकडून करून घ्यावे. मोटर नसेल तर पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी आणि नंतर फिनिश जागीच थांबेपर्यंत दर दहा-पंधरा मिनिटांनी काठी अर्धा फेरा फिरवावी लागेल. हे कंटाळवाणे आहे, पण होते.

मिश्रणाचे प्रमाण डबीवर दिलेले पाळावे; बहुतेक फिनिश घनमापाने सम प्रमाणात असतात. प्रत्येक भागासाठी वेगळी सिरिंज ठेवावी, तिच्यावर खूण करावी आणि एका भागाचे ३ मिलिलीटरपेक्षा कमी घेऊ नये. अगदी थोड्या मापात एका थेंबाची चूकही प्रमाण बिघडवते. रबरी दट्ट्याला सिलिकॉनचे वंगण असलेली सिरिंज टाळावी, कारण सिलिकॉनमुळे फिनिश मासोळीच्या डोळ्यांसारख्या गोल खळग्यांत फाकते. हाताला लावलेले क्रीमही तेच करते. म्हणून हातमोजे, आणि त्याआधी दोऱ्याला उघड्या हाताने स्पर्श नको.

मिश्रण चार-पाच मिनिटे सावकाश, पेल्याच्या कडा आणि तळ खरवडत ढवळावे आणि ॲल्युमिनियम फॉइलवर ओतून पसरावे. फॉइलवर बुडबुडे निघून जातात आणि मिश्रण पेल्याइतके लवकर तापून घट्ट होत नाही. काठी फिरत असताना आधी वेढ्यांच्या कडा सरळ भराव्यात, मग मधला भाग, आणि गाइडच्या पायाच्या दोन्ही बाजूंच्या बोगद्यांत फिनिश मुद्दाम शिरवावे. तिथे पोकळी राहिली तर खारे पाणी आतून गंज धरवते. राहिलेल्या बुडबुड्यांसाठी स्पिरिटच्या दिव्याची ज्योत जवळून झटकन न्यावी; लायटरने काजळी बसते. अल्कोहोलची बाटली आधी दूर ठेवावी.

दहा मिनिटांनी मोटर क्षणभर थांबवावी, जादा फिनिश खाली गोळा होऊ द्यावे आणि ब्रशने टिपून पुन्हा फिरवावे. जाड, फुगीर थर शोभेलही, पण तो टोकाचा वजनभार वाढवतो आणि वाकताना तडकतो. दोन पातळ थर द्यावेत. दुसरा २४ तासांनी. नाव लिहायचे असेल तर ते या दोन थरांच्या मध्ये.

दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग चिकट लागला तर मिश्रण चुकले आहे. घासू नये; नीट मोजलेला आणि ढवळलेला पातळ थर त्यावर चढवावा, बहुधा तेवढ्याने काम भागते.

९. वाळवणे, वापरणे आणि दुरुस्ती

शेवटच्या थरानंतर आठवडाभर काठी वाकवू नये. पहिल्यांदा ताण देताना ती आडव्यापासून साधारण ४५ अंशांपर्यंतच उचलावी. काठी उभी धरून लाइन खाली खेचली तर सगळा भार टोकाच्या पातळ भागावर येतो आणि चांगली काठीही मोडते. कार्बन विजेचा वाहक असल्याने वीजतारांखाली आणि गडगडाट सुरू झाल्यावर काठी खाली ठेवावी. खाडीवरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवावी. जोडावर साध्या मेणबत्तीचे मेण हलके घासले की तो अडकत नाही आणि फेकताना सुटतही नाही.

एखादा गाइड वाकडा वाळला किंवा त्याची कडी फुटली तर सर्व काठी उघडायची गरज नसते. ब्लेड फक्त गाइडच्या धातूच्या पायावरून, पायाच्या लांबीतच चालवावे, हेअर ड्रायरने फिनिश कोमट करून दोरा नखाने सोलावा, उरलेली कड लाकडी पट्टीने खरवडावी, अल्कोहोलने पुसावी आणि त्या एका गाइडपुरते सातव्या टप्प्यापासून पुन्हा काम करावे.